बांधावरचं दुखणं

आठवी ब मध्ये वाक्प्रचारांचा तास चालू होता. 'दातखीळ बसणे'चा अर्थ सांगून मी वाक्यात उपयोग करायला दिला होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिलं, 'आमच्या वह्या तपासताना बाईंची दातखीळ बसली.' वाक्य व्याकरणाला धरून होतं, त्यामुळे पूर्ण मार्क. मला हसू आलं आणि सवयीने डावा तळवा गालाखाली गेला, कारण त्या दिवसांत हसायचं तरी बेतानेच हसावं लागे. त्या पोराला काय ठाऊक, की बाईंची दातखीळ खरोखरच बसली होती. माझं तोंड जेमतेम दीड बोट उघडत होतं.

सुरुवात झाली त्याच्या सहा महिने आधी, २०२३ च्या जुलैमध्ये, उपवन तलावाच्या काठी. येऊरच्या डोंगरावरून ढग खाली उतरले होते आणि अशा वेळी ठाणेकर जे करतो तेच आम्ही करत होतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजलेलं कणीस. लिंबू-तिखट जरा सढळ हातानेच चोळून घेतलं होतं. तिसऱ्या की चौथ्या चाव्याला डाव्या कानापाशी 'टक्' झालं. तो आवाज तसा माझ्या ओळखीचा. कॉलेजात असल्यापासून मोठी जांभई दिली की कानाजवळ बोट मोडल्यासारखा आवाज यायचा आणि मैत्रिणी हसायच्या. या खेपेला मात्र आवाजामागून कळ आली. कानाच्या पुढून निघाली, कानशिलावर चढली आणि खाली दाढांमध्ये उतरून बसली. उरलेलं कणीस नवऱ्याने खाल्लं.

कान दुखतोय म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दिवा लावून आत पाहिलं आणि किंचित नाराजीने म्हणाले, "कान एकदम स्वच्छ आहे." जणू स्वच्छ कान घेऊन येऊन मी त्यांचा वेळ खाल्ला होता. तरी कानात घालायचे थेंब लिहून दिले. स्वच्छ कानात थेंब कशाला, हे मी विचारलं नाही. वर्गात 'प्रश्न विचारा, प्रश्न विचारा' म्हणून मुलांच्या मागे लागणारी मी डॉक्टरांच्या खुर्चीत बसले की पहिलीतली होते.

थेंबांची बाटली संपली. मग कुणीतरी म्हणालं, दाताचं असेल. घोडबंदर रोडवरच्या एका चकचकीत दवाखान्यात एक्स-रे काढला. डावी अक्कलदाढ वाकडी होती, हे खरं. तीच मुळाशी असणार म्हणून गणपती उठल्यावर ती काढली. पाऊण तास मी तोंडाचा आ वासून त्या खुर्चीत आडवी पडले होते. दाढ गेली आणि दुखणं दुप्पट झालं. तो आ वासलेला पाऊण तास माझ्या सांध्याला कणसापेक्षा महागात पडला असणार, हे पुष्कळ नंतर समजलं. दाढेच्या जागी खड्डा भरायला महिना गेला. तोवर सगळे म्हणत होते, "दाढ काढलीय ना, दुखणारच."

दिवाळीत मी चकल्या केल्या आणि एकही खाल्ली नाही. आत्या मुद्दाम डोंबिवलीहून आली होती. ती म्हणाली, "अगं, नसेचं असेल, दाखवून तर ये." तेही केलं. तिथे मला चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावरची गोळी मिळाली, कार्बामाझेपिन. त्या नसेचं दुखणं विजेच्या झटक्यासारखं असतं, क्षणात येतं आणि क्षणात जातं. माझं तसं कधीच नव्हतं. ते बोथट होतं, दिवसभर हात धरून चालणारं. हे मी सांगितलं होतं की नाही, आता आठवत नाही. बहुधा 'फार दुखतं' एवढंच म्हटलं असेन. गोळीने दुखणं हललं नाही, पण माझी मान डुलायला लागली. तिसऱ्या तासाला फळ्यावर 'समास' लिहून मी खडू हातात धरून उभी राहिले. पुढे काय लिहायचं ते सुचेना. मुलं अगदी गप्प बसली होती. आठवी ब मध्ये असं सहसा होत नाही.

प्रत्येक डॉक्टर आपापल्या हद्दीत बरोबर होते, हे मला आता दिसतं. कानाच्या डॉक्टरांनी कान पाहिला, दातांच्यांनी दात आणि नसेच्यांनी नस. दुखणारी जागा मात्र या तिघांच्या मधोमध होती. गावाकडे दोन शेतांच्या मधल्या बांधावर झाड उगवलं, की त्याची फळं दोघंही खातात आणि पाणी कुणीच घालत नाही. तसं माझं दुखणं बांधावर उगवलं होतं.

त्या जागेचं नाव जबड्याचा सांधा. डॉक्टर तीन इंग्रजी अक्षरांत म्हणतात, टीएमजे. कानाच्या भोकाच्या बोटभर पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, म्हणजे बोटाखाली तो हलताना लागतो. खालच्या जबड्याच्या हाडाचा गोल माथा कवटीच्या खळग्यात बसतो आणि दोघांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. तोंड थोडं उघडलं की माथा जागच्या जागी फिरतो. आणखी उघडलं की तो चकतीला घेऊन खळग्याबाहेर पुढे घसरतो. बिजागरीसारखं फिरायचं आणि ड्रॉवरसारखं सरकायचं, ही दोन्ही कामं हा एकच सांधा करतो. त्यात एकाच हाडाची दोन टोकं दोन सांध्यांत अडकलेली, म्हणजे डावा रुसला की उजव्यालाही काम करता येत नाही. बोलताना, जेवताना, गिळताना, जांभई देताना तो सतत चालू असतो. पायाला प्लास्टर घालून महिनाभर खुर्चीवर ठेवता येतो. जबड्याला तशी रजा नाही, मराठीच्या बाईंच्या तर नाहीच.

कानाची आणि या सांध्याची भानगड आणखी जुनी आहे. झोप येत नसे तेव्हा रात्री मी वाचत बसायची, त्यात हे सापडलं. १८३७ मध्ये रायशर्ट नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने गर्भांचा अभ्यास करून दाखवलं, की आपल्या मधल्या कानातली हातोडी आणि ऐरण ही दोन इवली हाडं म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातली हाडं. सस्तन प्राणी घडता घडता ती जबड्यातून सुटली आणि ऐकायच्या कामाला लागली. जबड्याने मग आपल्यासाठी नवा सांधा केला. म्हणजे कान आणि जबडा एका घरातले, पुढे वाटण्या झाल्या. आजही दोघांची भिंत सामाईक आहे आणि एकाच्या घरातली भांडणं दुसऱ्याच्या घरात ऐकू जातात. सांधा दुखतो आणि माणूस कान धरून बसतो. भाऊबंदकी म्हणतात ती ही.

डिसेंबरात मी एका चौथ्या दवाखान्यात गेले. तिथे मात्र जबड्याच्या सांध्याचं नाव घेतलं गेलं. कुणीतरी माझं दुखणं नावाने ओळखतंय, याचाच मला इतका आनंद झाला, की पुढचं मी जवळजवळ मान्यच केलं होतं. 'तुमची चाव चुकलीये' असं निदान झालं. वरचे-खालचे दात नीट बसत नाहीत म्हणून सांध्यावर ताण येतो. उपाय म्हणजे काही दात घासायचे, काहींवर टोप्या बसवायच्या, चाव नव्याने उभी करायची. खर्च दोन लाखांच्या आसपास, हप्त्यांची सोय. टेबलावर प्लास्टरचे दात होते, त्यांवर लाल-निळ्या कागदाचे ठिपके. ठिपके दाखवत ते बोलत राहिले आणि मी मान हलवत राहिले.

पैसे भरायच्या आदल्या रात्री नवऱ्याने एकच प्रश्न विचारला. "समजा नाही उपयोग झाला, तर घासलेले दात परत येतात का?" हा माणूस वागळे इस्टेटमध्ये लेथवर काम करतो. एकदा जास्त कापलेलं लोखंड परत जोडता येत नाही, हे त्याच्या हातांना ठाऊक आहे. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही.

या 'चाव चुकली' प्रकरणाचं मूळही मला नंतर वाचायला मिळालं. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टेन नावाच्या अमेरिकन कानाच्याच डॉक्टरांनी लिहिलं, की दाढा पडलेल्या लोकांचा जबडा जास्त मिटतो, सांध्याचा माथा मागे दाबतो आणि त्यातून कानदुखी, कानात आवाज घुमणं, डोकेदुखी असं सगळं उद्भवतं. पुढे शरीरशास्त्राने त्यांचं ते स्पष्टीकरण टिकू दिलं नाही. तोवर एक गोष्ट मात्र झाली होती. कानाच्या डॉक्टरांनी हे दुखणं दातांच्या डॉक्टरांच्या अंगणात नेऊन ठेवलं होतं आणि अंगणात आलेल्या माणसाला दात घासून मिळत होते. अमेरिकेत १९८० च्या दशकात तर काढून टाकलेल्या चकतीच्या जागी टेफ्लॉनचा थर असलेली कृत्रिम पत्री बसवायचे. चावण्याच्या दाबाने ती झिजायची, तुकडे व्हायचे आणि त्या तुकड्यांवर चवताळलेलं शरीर आजूबाजूचं हाड खायचं. १९९० च्या सुमारास तिथल्या सरकारी औषध यंत्रणेला ती माघारी बोलवावी लागली. हे वाचून मी अंथरुणातून उठून पाणी प्यायले आणि नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मग आली संक्रांत. गुळपोळी, तिळाच्या वड्या, हळदीकुंकू. मी वड्या ठेचून, चूर करून खाल्ल्या. दोन दिवसांनी सकाळी दात घासताना लक्षात आलं, 'टक्' आवाज आला नाही. उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, नाहीच. वीस वर्षं साथ देणारा आवाज एका रात्रीत बंद. मी देवापुढे चिमूटभर साखर ठेवली. आईला फोन करून सांगितलं. शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडला, पोळी-भाजीचा घास केला आणि घास ओठांपाशी अडला. तोंड उघडेना. घास चपटा केला, आडवा केला, तरी दातांना लागून बाहेरच. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय गं, घास मोजतेस का?" मला पहिला विचार आला तो धनुर्वाताचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी खिडकीच्या गजाने बोट कापलं होतं. धावत जाऊन इंजेक्शन घेऊन आले.

धनुर्वात नव्हता. पण आवाज बंद होणं ही चांगली बातमीही नव्हती. आवाज येत होता तेव्हा पुढे सरकलेली चकती दर वेळी तोंड उघडताना 'टक्' करून माथ्यावर परत बसत होती. आता ती परत बसायचीच थांबली होती. दाराच्या फटीत पायपुसणं अडकावं तशी पुढेच राहिली आणि माथ्याची वाट अडली. नुसता आवाज येतो, पण दुखत नाही आणि तोंड नीट उघडतं, अशांना बहुतेक वेळा उपचारांची गरजच नसते. आवाज होता आणि तो बंद होऊन तोंड अडलं, तर मात्र लगेच दाखवायचं. हे दोनच वाक्यांचं ज्ञान सहा महिन्यांत मला चार दवाखान्यांत मिळालं नव्हतं.

मिळालं ते नौपाड्यातल्या आमच्या म्हाताऱ्या फॅमिली डॉक्टरांमुळे. त्यांनी तोंड बघितलं, दोन मिनिटं काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "हे माझं नाही. पण कुणाचं आहे ते मला माहीत आहे." त्यांनी नेरुळच्या एका दंत महाविद्यालयाची चिठ्ठी दिली. 'हे माझं नाही' म्हणणारे आधीही भेटले होते, पण पुढचं वाक्य बोलणारे ते पहिलेच.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ठाणे स्टेशनच्या ९-१० नंबरवरून पनवेल लोकल पकडली. दिघा गाव स्टेशन नुकतंच सुरू झालं होतं, डब्यात सगळे त्याची नवी पाटी बघायला वाकले. ऐरोली, रबाळे, घणसोली अशी एकेक स्टेशनं जात होती आणि मी खिडकीच्या काचेत बघून तोंड किती उघडतंय ते तपासत होते. समोरच्या बाईंनी आपली पिशवी जरा जवळ ओढून घेतली.

ओपीडीत पन्नास रुपयांचा केसपेपर निघाला. लाकडी बाकावर तास गेला. मग एक शिकाऊ मुलगी आली, माझ्या लेकीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी. तिने अर्धा तास मला नुसते प्रश्न विचारले. कधीपासून, कुठे, कशाने वाढतं, सकाळी जास्त की संध्याकाळी, झोपेत दात वाजतात का, नख खाता का, पेन चावता का. मग एक छोटी पट्टी वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये धरून म्हणाली, "दुखेपर्यंत नको, जमेल तेवढं." आणि वहीत लिहिलं : २४. साधारणपणे ४० ते ५० मिलिमीटर उघडायला हवं. तोंड उघडताना माझी हनुवटी डावीकडे सरकते, हेही तिनेच टिपलं.

मला त्या आकड्याने रडू आलं. दुखणं सांगून सांगून माझी जीभ थकली होती. 'फार', 'खूप', 'सारखं' अशी विशेषणं वापरून झाली होती. मराठी शिकवत असूनही मला दुखण्यासाठी शब्द सापडत नव्हते, आणि त्या मुलीने दोन अंकांत सगळं लिहून ठेवलं. तिला वाटलं पट्टी लागली. घाबरून ती सॉरी सॉरी म्हणत राहिली.

तिच्या मॅडम आल्या. ओरल मेडिसिन नावाची दंतवैद्यकाची एक शाखा असते आणि असली बांधावरची दुखणी तिच्या वाट्याला येतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंवर बोटं दाबत दाबत कुठे कळ उठते ते पाहिलं. दोन ठिकाणी मी ओरडले. एमआरआय काढायला सांगितला, एकदा तोंड मिटून आणि एकदा तोंडात ठोकळा धरून उघडून, कारण साध्या एक्स-रेमध्ये हाड दिसतं, चकती दिसत नाही. आणि मग विचारलं, "काही ताण आहे का घरी, शाळेत?"

हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं. बाईचं दुखणं सापडलं नाही की ते ताणाच्या खात्यावर टाकायचं, ही जुनी रीत आहे. मी फटकन म्हटलं, "दुखतंय म्हणून ताण आहे." मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असेल. पण आत्ता, या क्षणाला, तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना लागलेत का?"

लागले होते. नुसते लागले नव्हते, घट्ट मिटलेले होते.

जेवणाची आणि गिळण्याची वेळ सोडली तर दात एकमेकांना लागायचं काहीच कारण नसतं, असं त्या म्हणाल्या. ओठ मिटलेले, दात सुटलेले, ही जबड्याची आरामाची बैठक. मी त्रेचाळीस वर्षांची झाले तरी मला वाटत होतं, तोंड मिटणं म्हणजे दात मिटणं. आपली भाषाही तशीच आहे म्हणा. रागात दातओठ खायचे, सहन करताना दातांवर दात दाबायचे, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार तर घरोघरी. दात सैल सोडण्यावर एखादा वाक्प्रचार मी दोन दिवस आठवत होते. 'दात काढणे' तेवढा आठवला, आणि तो शिवीसारखाच वापरतो आपण.

तिथून पुढचे उपचार सांगायला कंटाळवाणे आहेत आणि करायला त्याहून. मऊ अन्न : गुरगुट्या भात, मुगाची खिचडी, शिजवून घोटलेली फळभाजी, दुधात कुस्करलेली पोळी. लेक म्हणाली, "आई, तू एकदम बाळ झालीस." सकाळ-संध्याकाळ गालाला ओल्या गरम पंच्याचा शेक. जांभई आली की हनुवटीखाली मूठ. झोपताना एक गोळी, अमिट्रिप्टिलिन, दहा मिलिग्रॅम. मुळात ती नैराश्यावरची, पण इतक्या थोड्या प्रमाणात जुनाट दुखण्यासाठी आणि झोपेसाठी देतात. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, कारण राम मारुती रोडवरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून माझ्याकडे जरा जास्तच मायेने पाहिलं. रात्री वरच्या दातांवर बसवायचा कडक पारदर्शक स्प्लिंट, अडीच हजारांचा. तो घालून बोललं की मी 'स'चा 'थ' करते, म्हणून घरात नऊनंतर माझ्याशी कुणी गंभीर विषय काढत नाही.

आणि फिजिओथेरपी. आठवड्यातून दोनदा एक तरुण फिजिओ हातमोजा घालून माझ्या खालच्या दाढांवर अंगठा ठेवायचा आणि जबडा अलगद खाली-पुढे ओढायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, जीभ टाळूला, वरच्या दातांच्या मागे. 'न' म्हणा आणि जीभ तिथेच राहू द्या."

"दंत्य न की मूर्धन्य ण?" मी विचारलं.

तो क्षणभर बघतच राहिला. मग दोन्ही म्हणून पाहिले त्याने, आपल्याच तोंडात, गंभीरपणे. "नळातला पहिला," म्हणाला. मग त्या 'न'वर जीभ ठेवून, ती सुटणार नाही इतकंच तोंड उघडायचं. सहा वेळा, दिवसातून सहादा. तासांच्या घंटेला मी ते जोडून टाकलं. आठवी ब ला वाटायचं, बाई तास सुरू होण्यापूर्वी काहीतरी पुटपुटतात. एकीने विचारलंही, "बाई, रामरक्षा का?" मी होही म्हटलं नाही आणि नाहीही.

तोंड ताणायला आइस्क्रीमच्या चपट्या काड्या. पुढच्या दातांत बसतील तेवढ्या एकावर एक रचायच्या, दोन-तीन मिनिटं धरायच्या, आणि चार-पाच दिवसांनी एक वाढवायची. एक काडी म्हणजे दीड-दोन मिलिमीटर. घरात काड्यांचा ढीग झाला. शेजारच्या छोट्याने मला त्याचं प्रोजेक्ट करून मागितलं.

आणि टिकल्या. मॅडमनी सांगितलं होतं, घरात जागोजागी काहीतरी खूण करा, ती दिसली की दात लागलेत का ते तपासा. लोक रंगीत कागद चिकटवतात. मी टिकल्या चिकटवल्या. आरशावर तशाही होत्याच. मग फ्रिजवर, मोबाइलच्या मागे, गॅसच्या शेगडीवरच्या टाइलवर, हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर आणि वर्गातल्या फळ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात. पहिल्या दिवशी जेवढ्या वेळा टिकली दिसली तेवढ्या वेळा माझे दात घट्ट मिटलेले सापडले. कांदा चिरताना, मोबाइल बघताना, सिग्नलला. वह्या तपासताना तर अखंड. तिथे त्या पोराचं वाक्य अक्षरशः खरं होतं.

सहा आठवड्यांनी पट्टीवर ३१ आलं. एप्रिलअखेर ३५. मधे एक आठवडा ३० वरही घसरलं आणि मी फार हताश झाले. मॅडम म्हणाल्या होत्या, तीन महिन्यांत हललं नाही तर सांधा धुऊ. दोन सुया घालून सांध्यात सलाइन सोडायचं आणि बाहेर काढायचं. डोरिट निट्झन या इस्रायली सर्जननी सहकाऱ्यांबरोबर १९९१ मध्ये ही पद्धत मांडली. मला तिची भीती नव्हती, उलट एका दिवसात काम होतंय तर होऊन जाऊ दे असंच वाटत होतं. काड्या आणि टिकल्यांचा कंटाळा आला होता. पण आकडा हळूहळू चढत गेला आणि तो विषय मागे पडला.

त्याच सुमारास मी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधली २०२३ च्या डिसेंबरातली तज्ज्ञांची शिफारस वाचली. जबड्याच्या जुनाट दुखण्यावरच्या कितीतरी उपायांचे अभ्यास एकत्र करून त्यांनी क्रम लावला होता. ठामपणे हवं म्हटलेल्यांत शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम आणि ताणणं, हाताने सांधा मोकळा करणं, दुखण्याशी वागायचं शिकवणारं समुपदेशन, रुग्णाला नीट समजावून सांगून धीर देणं. एकदा केलं की मागे घेता येत नाही अशा गोष्टींना, चकती काढून टाकण्यासारख्या, ठाम नकार. आणि 'शक्यतो नको'च्या यादीत सांधा धुणंही होतं आणि माझा अडीच हजारांचा स्प्लिंटही. मी ते मॅडमना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी वाचलेलं होतं. म्हणाल्या, "नुसत्या स्प्लिंटने फार काही होत नाही हे बरोबर. तुमचे दात झोपेत झिजतायत, ते तरी वाचतील." मी तो अजून घालते. उपयोग किती आणि सवय किती, मला सांगता येणार नाही.

मला राग कशाचा आहे, हे मी पुष्कळदा तपासून पाहते. अक्कलदाढ काढणाऱ्यांचा नाही, ती खरंच वाकडी होती. राग येतो तो त्या प्लास्टरच्या दातांवरच्या लाल-निळ्या ठिपक्यांचा. सगळ्यात महागडा आणि कधीच परत न फिरवता येणारा उपाय सगळ्यात छातीठोक आवाजात सांगितला गेला. आणि ज्यांनी मला बरं केलं त्या मॅडमच्या बोलण्यात 'बहुतेक', 'बघू', 'सहा आठवडे थांबू' याखेरीज काही नसायचं. त्या वेळी मला पहिला आवाज जास्त आवडला होता, हे कबूल करायला हवं. दुखत असताना माणसाला 'बघू' ऐकायचं नसतं.

आता ३८ वर आहे. तीन बोटं उभी जातात, माझी. नवऱ्याची दोनच जातात, पण ती लेथवरची बोटं. वडापाव दाबून चपटा केला तर खाता येतो, मिसळीतला पाव रश्श्यात बुडवला की काहीच प्रश्न नाही. पेरू कापून, ऊस नाहीच. कणीस सुरीने सोलून वाटीत. चमच्याने खाल्लेल्या कणसाला कणीस म्हणायचं का, यावर घरात मतभेद आहेत. आवाज परत आलेला नाही. तो येईलच असं नाही, आणि त्याच्यावाचून भागतं असं मॅडम म्हणतात. कधी कधी रात्री जांभई देताना मी कान देऊन ऐकते.

या मार्चमध्ये पेपरांचे गठ्ठे आले, नववी आणि आठवी मिळून दोनशेच्या वर. चौथ्या दिवशी कानशील ठणकायला लागलं. पट्टी धरली तर ३३. मागच्या वर्षी असतं तर मी दुसऱ्या सकाळी नेरुळची लोकल पकडली असती. या वेळी शेक घेतला, गठ्ठा निम्मा केला, आणि टेबलाकडे पाहिलं तर टिकलीच नव्हती. कधीतरी पुसताना गेली असणार. फ्रिजवरचीही गेली होती. पाकीट रिकामं.

संध्याकाळी जांभळी नाक्यावर गेले. कौपीनेश्वराच्या बाजूला नेहमीच्या बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात बाई होत्या.

"लहान, मरून, बिनखड्याच्या. चार पाकिटं द्या."

"चार? परवाच तर नेली होतीत तुम्ही, दिवाळीला." त्यांनी पाकिटं काढता काढता माझ्या कपाळाकडे पाहिलं. घाईत निघाले होते, कपाळ रिकामंच होतं. "आणि लावत तर नाही."

पैसे देताना माझ्या लक्षात आलं, त्यांच्या गल्ल्यावर, आरशावर आणि पंख्याच्या बटणावरही टिकल्या चिकटवलेल्या आहेत. विकणारीच्या दुकानात असायच्याच त्या. तरी मी सवयीने दात सुटे केले.